फुलांचा ऋतू आणि मामांचं वावर

आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १०, श्लोक ३५
सोबत वाचा: अध्याय ९, श्लोक २६



विभूतियोग वाचता वाचता आज आपण ३५व्या श्लोकापाशी आलो. कालच्या श्लोकात भगवंतांनी सगळं हिरावून नेणारा मृत्यू म्हणजे मीच असं सांगितलं होतं, आणि लगेच कीर्ती, वाणी, स्मृती, क्षमा अशा सात शक्तीही मीच म्हटलं होतं. तुमच्यापैकी काहींना ते वाचून थोडं जड वाटलं. आजचा श्लोक मात्र मोकळ्या हवेत नेणारा आहे. यात चार गोष्टी येतात. सामांमध्ये बृहत्साम, छंदांमध्ये गायत्री, महिन्यांमध्ये मार्गशीर्ष आणि ऋतूंमध्ये वसंत. वसंतासाठी इथे जो शब्द आला आहे तो आहे ‘कुसुमाकर’. आकर म्हणजे खाण. फुलांची खाण असलेला ऋतू.

हा शब्द वाचला की आपल्यापैकी निम्म्या लोकांचा हात आपोआप मोबाईलकडे जातो, हे मला माहीत आहे. माझाही जातो. फुलांचे फोटो काढणं हा माझा जुना नाद. माझं आजोळ जानेफळ, बुलढाणा जिल्हा, मेहकर तालुका. शेगावच्या श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना मेहकरहून आमच्या जानेफळला येते आणि पुढे खामगावकडे जाते, म्हणून काहींना गावाचं नाव ऐकून माहीत असेल. बाकी गाव साधं. काळी जमीन, सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा. तिथे मी जे फोटो काढले, आणि जे काढताना थांबले, त्यांच्या आधाराने आज हा श्लोक समजून घेऊ.

अर्जुनाचा प्रश्न आधी बघू

हे सगळं सुरू कुठून झालं? दहाव्या अध्यायाच्या १७व्या श्लोकात अर्जुन विचारतो की मी तुझं चिंतन करायचं तर तुला ओळखू कसा, कोणकोणत्या वस्तूंमध्ये तुला बघू? किती व्यवहारी प्रश्न आहे बघा! देव सगळीकडे आहे हे त्याला मान्य आहे. पण ‘सगळीकडे’ बघता येत नाही. डोळ्याला कुठेतरी एका जागी टेकावं लागतं. कॅमेरा हातात घेतलेल्या माणसाचा प्रश्न अगदी हाच असतो. समोर अख्खा माळ फुललाय, आता चौकट कुठे धरू?

भगवंत मग यादी देतात. पर्वतांमध्ये हा, नद्यांमध्ये ही, वृक्षांमध्ये तो. ही यादी म्हणजे नजर टेकवायच्या जागा आहेत. आणि शेवटी, ४२व्या श्लोकात, ते जवळजवळ हसून म्हणतात की एवढं सगळं जाणून तरी तुला काय करायचंय, माझ्या एका अंशाने हे सगळं जग मी धरून ठेवलं आहे. एक अंश! आपला फोटो तर त्या अंशाचाही अंश. हे लक्षात असलं की फोटो काढण्यात एक नम्रता येते.

आपला वसंत कधी येतो?

इथे थोडा गोंधळ होतो, तो आधी काढून टाकू. इंस्टाग्रामवर ‘स्प्रिंग’चे जे फोटो दिसतात, डोंगरच्या डोंगर जमिनीवरच्या रानफुलांनी झाकलेले, तसे आपल्याकडे चैत्रात दिसत नाहीत. ते देश थंडीत गोठलेले असतात किंवा त्यांचा पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून त्यांची जमीन मार्च-एप्रिलमध्ये फुलते. आपला पाऊस जून ते सप्टेंबर. त्यामुळे आपल्या जमिनीवरची रानफुलं फुलतात भाद्रपद-आश्विनात. साताऱ्याजवळचं कास पठार बघायला लोक सप्टेंबरात जातात ते यामुळेच. तिथे सीतेची आसवं, गेंद, तेरडा, सोनकी यांचे थरच्या थर दिसतात, आणि टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते.

मग आपला वसंत खोटा का? मुळीच नाही. आपला वसंत झाडावर येतो. माघ-फाल्गुनात जमीन तडकायला लागते, गवत वाळून पिवळं पडतं, आणि नेमक्या त्या वेळी पळस, काटेसावर, पांगारा अंगावर एकही पान न ठेवता पेटून उठतात. जानेफळच्या आसपास मेहकर-खामगाव रस्त्याने फेब्रुवारीअखेरीस गेलात तर शेताच्या धुऱ्यावर पळस दिसेल. (धुरा म्हणजे आमच्याकडे शेताचा बांध.) बाकी सगळं भुरकट आणि मध्येच एक केशरी झाड. ज्या दिवसांत जमिनीत पाणी उरत नाही त्या दिवसांत ‘फुलांची खाण’ उघडते. वसंताला विभूती का म्हटलं असेल, याचं एक उत्तर मला तिथे मिळालं. पाऊस पडल्यावर फुलणं सोपं आहे हो.

पळस काय शिकवतो

पळसाचा फोटो दिसायला सोपा, काढायला अवघड. पहिली अडचण रंगाची. तो केशरी-लाल रंग इतका तीव्र असतो की मोबाईलचा कॅमेरा गोंधळतो. पाकळीवरची मऊ लव, रेषा, घड्या सगळं जाऊन एक सपाट केशरी डाग उरतो. उपाय असा की स्क्रीनवर फुलावर बोट ठेवायचं, शेजारी जे सूर्याचं चिन्ह येतं ते खाली ओढायचं, म्हणजे एक्सपोजर कमी होतं. फोटो जरा काळपट दिसला तरी चालेल. प्रकाश कमी घेतला की फूल दिसायला लागतं.

दुसरी गोष्ट वेळेची. भर दुपारी पळस चांगला येत नाही. सकाळी सूर्य थोडा वर आला की, तोही फुलाच्या मागून येईल अशा जागी उभं राहायचं. मग पाकळी कंदिलाच्या काचेसारखी आतून उजळते. सकाळी वाराही कमी असतो, फांदी हलत नाही.

तिसरी गोष्ट पाहुण्यांची. पळसाला संस्कृतात ‘किंशुक’ म्हणतात, म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’ फुलाचा आकार पोपटाच्या चोचीसारखा वाकडा, म्हणून हे नाव. आणि खरोखरच या फुलावर पाखरं येतात. साळुंकी, बुलबुल, सूर्यपक्षी फुलातला रस पितात आणि त्यांच्या डोक्याला लागलेले पराग पुढच्या फुलाला पोचतात. झाडाखाली जाऊन लगेच फटाफट फोटो काढले तर पाखरं उडून जातात आणि नुसती फुलं उरतात. दहा-पंधरा मिनिटं गप्प बसून राहिलं की ती परत येतात. ही दहा मिनिटं म्हणजे माझ्यासाठी जपाची वेळ झाली आहे. मोबाईल मांडीवर, नजर फांदीवर, ओठांवर नाम. खरं सांगते, त्या वेळेत जे मिळतं ते फोटोत कधीच येत नाही.

अजून एक. पळसाच्या फुलाला वास नाही. जुन्या संस्कृत सुभाषितांत यावरून त्या बिचाऱ्याची थट्टाही केलेली आहे, रूप आहे पण गंध नाही म्हणून. मला मात्र वाटतं, फोटोच्या बाबतीत हे आपण कायम ध्यानात ठेवावं. आपला प्रत्येक फोटो किंशुकच असतो. रूप येतं, गंध राहून जातो. गंध हवा असेल तर तिथे जाऊन बसावं लागतं.

मामांचं वावर

आता मुख्य गोष्टीकडे येते.

मागच्या भाद्रपदात महालक्ष्म्यांसाठी मी आजोळी गेले होते. (पुणे-मुंबईकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्याकडे महालक्ष्म्या.) दुसऱ्या दिवशी सकाळी मामांसोबत वावरात गेले, आणि बघते तर काय, अख्खं वावर गुलाबी! कुर्डू फुललं होतं. तुमच्यापैकी ज्यांनी कुर्डू बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. कमरेएवढं सरळ रोप, आणि टोकाला मेणबत्तीच्या ज्योतीसारखा तुरा. तुऱ्याचं टोक गडद गुलाबी आणि खालचा भाग चांदीसारखा पांढरा होत जाणारा. त्यात सकाळचं ऊन मागून आलेलं. कडेला तरोट्याची पिवळी फुलं. परदेशातल्या कुठल्याही ‘फ्लॉवर फील्ड’ला मागे टाकेल असं दृश्य होतं.

मी खाली बसून चौकट लावत होते. मामा मागे येऊन उभे राहिले.

“फोटो काढून रायली का व पोरी?”

“हो मामा. किती सुंदर दिसतंय!”

“साजरं तं दिसतेच. पण मले एक सांग, याच्यात सोयाबीन कुठी हाये?”

मी नीट बघितलं. सोयाबीन होतं. गुलाबी तुऱ्यांच्या खाली, सावलीत, पिवळट पडलेलं, पावटीला शेंगा मोजक्या.

मग मामांनी धुऱ्यावर बसून सगळं सांगितलं. श्रावणात पाऊस उघडलाच नाही. जमीन ओली असली की डवरा चालत नाही, बैलाचे पाय रुततात, माती ढेकळांनी गोळा होते. डवरणी झाली नाही. निंदायला बाया बघाव्यात तर गावात सगळ्यांचंच निंदण एकाच आठवड्यात आलेलं, बाया मिळेनात, मिळाल्या तर रोज परवडेना. कुर्डू तेवढ्यात सोयाबीनच्या वर गेलं. एकदा ते वर गेलं की खालच्या पिकाला ऊन मिळत नाही. आणि एकेका तुऱ्यात बारीक काळं चकचकीत बी इतकं असतं की यंदा ते झडू दिलं तर पुढची कित्येक वर्षं ते उगवतच राहतं.

“हे जे तू फोटोत घेऊन रायली ना,” मामा शांतपणे म्हणाले, “हे माह्यं या सालचं नुकसान हाये. तुह्या मामेभावाची कॉलेजची फी याच्यातूनच निघते.”

रागाने नाही म्हणाले हो. उलट पुढे म्हणाले, “काढ, फोटो काढ. साजरं हाये ते साजरंच हाये. पण नुसतं साजरं हाये असं सांगू नको.”

हे शेवटचं वाक्य मी गेलं वर्षभर सोबत घेऊन फिरते आहे.

दोन्ही एकाच श्लोकात आहेत

परत आजच्या श्लोकाकडे या. ‘ऋतूंमध्ये वसंत’ हे आपल्या सगळ्यांच्या लक्षात राहतं. कॅलेंडरवर छापलं जातं, स्टेटसला लागतं. पण त्याच ओळीत, वसंताच्या आधी, मार्गशीर्ष आहे. मार्गशीर्षात काय फुलतं? फारसं काही नाही. मार्गशीर्ष हा धान्य घरात येण्याचा काळ. आमच्याकडे तोवर सोयाबीन निघून गेलेलं असतं, कापूस वेचणीला असतो, तुरीला शेंगा धरलेल्या असतात, हरभरा हात हात वर आलेला असतो. आणि घराघरात मार्गशीर्षातल्या गुरुवारी महालक्ष्मीचा घट बसतो, लक्ष्मी घरात आली म्हणून.

म्हणजे भगवंतांनी एकाच श्लोकात धान्याचा महिना आणि फुलांचा ऋतू शेजारी शेजारी ठेवले. एक पोटाचा, एक डोळ्याचा. दोन्ही मीच, असं ते म्हणतात. मग मी वसंत उचलला आणि मार्गशीर्ष सोडून दिला, तर मी अर्धाच श्लोक वाचला, नाही का? मामांच्या वावरात कुर्डूचा तुरा ही विभूती होती यात शंका नाही. ४१व्या श्लोकात तर स्पष्टच सांगितलं आहे की जे जे शोभिवंत, जे जे तेजस्वी दिसेल ते माझ्या तेजाच्या अंशातून आलेलं समज. पण त्या तुऱ्याखाली दबलेलं पिवळं सोयाबीनही त्याच भगवंताचं होतं, आणि ते वाचावं म्हणून धुऱ्यावर बसून उपाय शोधणारा माणूसही.

गीतेचा तेरावा अध्याय तुम्हाला आठवत असेल. क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ. क्षेत्र म्हणजे शेत, आणि ते जाणणारा तो क्षेत्रज्ञ. तिथे अर्थ शरीर आणि आत्मा असा आहे, तो अर्थ मोठा आहे आणि त्यावर आपण सावकाश बोलूच. पण शब्द शेतातूनच उचललेला आहे, हे विसरू नये. मी क्षेत्र बघत होते. क्षेत्रज्ञ माझ्या मागे उभा होता. आपण फुलांच्या, शेताच्या, डोंगराच्या फोटोखाली सुविचार लिहितो तेव्हा त्या जागेला जाणणारं कुणीतरी असतं, त्याला आपण विचारलंय का? अरणचे संत सावता माळी आपल्या मळ्यातच विठ्ठल बघत राहिले असं आपण कीर्तनात ऐकतो. त्यांच्या मळ्यात गवत वाढत नसेल का? वाढतच असणार. ते खुरपं घेऊन गवत काढत असणार आणि नाम घेत असणार. त्यांचं ‘देव दिसणं’ हे खुरप्यासकट होतं.

काढणे

आपल्या मराठीत एक मजा आहे. आपण फोटो ‘काढतो’. तणही ‘काढतो’. पीक ‘काढतो’, विहिरीचं पाणी ‘काढतो’, कुणाची आठवण ‘काढतो’, आणि लहान मुलाला नजर लागली तर दृष्टही ‘काढतो’. एकाच क्रियापदात किती प्रकारचे हात आहेत! काही हात घेऊन जाणारे, काही हात पुढे करून काहीतरी वाचवणारे. फोटो काढताना आपला हात यातला कुठला आहे, हे स्वतःला विचारावं.

इथेच नवव्या अध्यायातला २६वा श्लोक कामी येतो. कुणी प्रेमाने साधं पान दिलं, फूल दिलं, फळ दिलं, घोटभर पाणी दिलं, तरी ते मी स्वीकारतो, असा त्याचा भाव. या श्लोकात ‘भक्ती’ हा शब्द दोनदा येतो, आणि फुलाची जात एकदाही येत नाही. कमळ हवं, गुलाब हवा असं काही नाही. फूल कुठलं यावर काही अवलंबून नाही. ते कुणी, कशा मनाने पुढे केलं यावर आहे.

त्या दिवशी संध्याकाळी मामींनी काय केलं ते सांगते. दुसऱ्या दिवसापासून निंदायला चार बाया येणार होत्या, बी धरायच्या आत कुर्डू उपटायचं ठरलं होतं. मामी वावरातून परत आल्या तेव्हा त्यांच्या पदरात कुर्डूचे दहाबारा तुरे होते. त्यांनी ते धुतले आणि देवघरात गजानन महाराजांच्या फोटोपुढे ठेवले. मी विचारलं, “मामी, हे तर तण ना?”

त्या म्हणाल्या, “वावरात तण, देवापुढं फूल. उगवलं तं त्याच्याच मर्जीनं ना? मंग त्याचं त्याले द्यायचं.”

आणि पुढे हसून म्हणाल्या की आषाढात हेच कोवळं होतं तेव्हा याची भाजी करून खाल्ली की आपण!

बघा, एकाच रोपाकडे बघायच्या किती नजरा. माझ्यासाठी दृश्य, मामांसाठी नुकसान, मामींसाठी आधी भाजी मग पूजा. यातली एकही नजर खोटी नाही. पण मामींची नजर सगळ्यात रुंद होती, कारण तिच्यात बाकीच्या सगळ्या मावत होत्या. तोटा माहीत असूनही त्यांनी फूल फूल म्हणून बघितलं, आणि बघितल्यावर स्वतःकडे ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅमेरा घेतला, पण आधी दोन तास निंदले. सवय नसल्याने बोटांना फोड आले. मग मामांना आणि त्या बायांना विचारून एक फोटो काढला. उपटलेल्या कुर्डूचा ढीग, त्याच्या शेजारी खुरपं, आणि मागे मोकळं झालेलं, ऊन लागलेलं सोयाबीन. माझ्या अल्बममधला सगळ्यात सुंदर फोटो तो नाही. पण मामांना विचारलं की कुठला ठेवू, तर त्यांनी तोच निवडला.

फुलांवर पाय

हा विषय फक्त आमच्या वावरापुरता नाही. २०१९ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, लेक एल्सिनोर नावाच्या गावाजवळच्या डोंगरावर केशरी पॉपीची फुलं भरभरून आली. फोटो पसरले आणि माणसांचे लोंढे आले. छोट्या गावाचे रस्ते बंद पडले, लोक पाऊलवाट सोडून फुलांत बसले, झोपले, फुलं तुडवली गेली. २०२३ साली पुन्हा बहर येणार असं दिसताच तिथल्या प्रशासनाने आधीच ती दरी लोकांसाठी बंद केली. आपल्या कासचंही तेच. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कास आहे. गर्दी वाढली, आणि मग दिवसाला किती माणसं सोडायची याला मर्यादा घालावी लागली.

तुडवलेलं फूल फक्त त्या दिवसापुरतं जात नाही. त्याचं बी धरत नाही, खालची माती घट्ट होते, पुढच्या वर्षी तिथे टक्कल दिसतं. एका फोटोसाठी फूल, आणि त्या फुलाची पुढची पिढीसुद्धा. ज्याला आपण विभूती म्हणतो, तिच्यावर पाय देऊन तिचा फोटो काढणं कुठल्या भक्तीत बसतं?

म्हणून मी स्वतःसाठी काही साधे नियम केले आहेत. जमले तर घ्या.

१. शेत असेल तर मालकाला विचारल्याशिवाय आत जायचं नाही. चालायचं ते धुऱ्यावरून किंवा तासाच्या मधून. भाद्रपदात गवतात साप-विंचू असतात, म्हणून बूट आणि हातात काठी.

२. फोटोच्या आधी पाच मिनिटं नुसतं बघायचं. मोबाईल खिशात.

३. फूल तोडून, वाकवून, हातात धरून फोटो नाही. आपण वाकायचं. गुडघे जमिनीला टेकवून फुलाच्या उंचीला आलं की फोटोही चांगला येतो आणि नमस्कारही होतो.

४. नाजूक जागेचं लोकेशन टाकायचं नाही. गावाचं नाव पुरे.

५. फोटोखाली लिहिताना त्या फुलाचं तिथल्या लोकांमधलं नाव लिहायचं. कुर्डू, तरोटा, पळस. आणि त्या जागेची पूर्ण गोष्ट लिहायची. मामांच्या शब्दांत, नुसतं साजरं आहे असं सांगायचं नाही.

६. एक तरी फोटो असा, जो कुठेच टाकायचा नाही. तो फक्त त्याला दाखवायचा, ज्याने फूल फुलवलं.

शेवटचा नियम माझा सगळ्यात आवडता. करून बघा. जो फोटो कुणालाच दाखवायचा नाही तो काढताना मन किती वेगळं असतं ते तुमचं तुम्हाला कळेल. लाईक मिळणार नाहीत, वाहवा नाही. मग तरीही आपण तो काढतो का? काढतो, तर कशासाठी? मला वाटतं, ‘अर्पण’ या शब्दाची चव तिथे पहिल्यांदा कळते.

आज मनात घोळवायचे प्रश्न

आज माझी नजर ज्या सुंदर गोष्टीवर टेकली, तिच्या खाली, सावलीत, काय दबलेलं होतं?

ती गोष्ट माझ्यापेक्षा जास्त जाणणारा ‘क्षेत्रज्ञ’ कोण आहे, आणि मी त्याच्याशी बोललो का, बोलले का?

मी आज जे ‘काढलं’, त्यातलं काही परत दिलं का?

आजचा संकल्प

शहरात राहणाऱ्यांनी म्हणू नये की आम्हाला कुठलं वावर. सोसायटीच्या भिंतीच्या फटीत, पार्किंगच्या कडेला एकदांडीचं पांढरं-पिवळं बारकं फूल नक्की असतं. आज ऑफिसला जाताना ते शोधा. पाच मिनिटं बघा. मग वाटलं तर फोटो काढा. आणि तुमच्या बिल्डिंगची बाग जे काका किंवा मावशी सांभाळतात, त्यांना त्या फुलाचं नाव विचारा. तण म्हणून ते रोज उपटत असतील तर तेही ऐका. त्यांची बाजू बरोबरच असते.

प्रार्थना

हे भगवंता, फुलांच्या ऋतूत तू आहेस आणि धान्याच्या महिन्यातही तूच आहेस. मला अर्धंच बघणारी नजर देऊ नकोस. जे सुंदर आहे ते सुंदर म्हणायचं धैर्य दे, आणि त्याच्या शेजारी जे दुखतं आहे ते बघायचंही दे. माझ्या हातून जे काही काढलं जाईल ते तुझ्यापुढे ठेवता येईल असं असू दे. यंदा पाऊस वेळेवर उघडू दे, सगळ्यांची निंदणं वेळेवर होऊ देत, आणि मार्गशीर्षात प्रत्येक घरी लक्ष्मी येऊ दे.

उद्या ३६वा श्लोक. तिथे भगवंत स्वतःला चक्क जुगार म्हणतात! ते कसं, ते उद्या बघू. तोवर वाचन चुकवू नका.

राम कृष्ण हरी. जय गजानन.